पीक सल्ल्यात तिसरी ओळ हवी

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात दर आठवड्याला येणारा पीक सल्ला मी अनेक वर्षे नेमाने वाचतो आणि त्याची कात्रणेही जपून ठेवतो. निवृत्तीपूर्वी मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत होतो. आता करवीर तालुक्यात भोगावतीकाठचा आमचा वडिलोपार्जित ऊस पुतण्या पाहतो आणि मी बांधावर बसून त्याच्या कामात लुडबूड करतो. या सल्ल्याची घडण ठरलेली असते. पहिल्या ओळीत किडीचे नाव येते, दुसऱ्या ओळीत औषधाचे नाव आणि दहा लिटर पाण्यास किती मिली ही मात्रा येते. सल्ला चुकीचा असतो, असे मला म्हणायचे नाही. परंतु शेतात पीक आणि कीड एवढे दोघेच नांदत नाहीत. त्या किडीवर जगणारा तिसराही तिथेच असतो, आणि त्याच्यासाठी आपल्या सल्ल्यात एकही ओळ नसते, एवढीच माझी तक्रार आहे.

तक्रारीचे निमित्त घरचेच आहे. यंदा सुरू हंगामाच्या उसात पुतण्याने आंतरपीक म्हणून चवळी घेतली होती. शेंड्यांवर काळा मावा दिसू लागला आणि त्याच्यामध्ये मगरीच्या पिलासारख्या दिसणाऱ्या, काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या लहान अळ्या फिरताना दिसल्या. पुतण्याने मोबाईलवर फोटो काढून औषधांच्या एका दुकानदाराला पाठविला. ‘दोन किडी पडल्या आहेत, दोन्हींवर चालेल असे औषध देतो,’ असे उत्तर आले आणि त्याच संध्याकाळी फवारणी झाली. मी दोन दिवसांनी रानात गेलो तेव्हा सरीत त्या ठिपकेवाल्या अळ्या मरून पडल्या होत्या. त्या लेडीबर्ड म्हणजे ढालकिड्याच्या अळ्या होत्या आणि त्या चवळी नव्हे, मावा खात होत्या. पंधरवड्याच्या आत मावा पुन्हा शेंड्यांवर आला. ढालकिडे मात्र आले नाहीत. तीस वर्षे हा विषय शिकवलेल्या माणसाच्या घरी हे घडावे, याची लाज वाटते आणि म्हणूनच हे पत्र थोडे लांबणार आहे.

फवारणीनंतर मावाच आधी का परततो, याचे उत्तर दोघांच्या जीवनक्रमात आहे. माव्याच्या मादीला वर्षातील बराच काळ नराची गरज लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिले देते, आणि त्या पिलांच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढू लागलेली असते. आईच्या पोटात लेक आणि लेकीच्या पोटात नात, अशी ही वंशावळ आहे. उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत पिलाची आई होते. ढालकिड्याला मात्र अंडे, अळी, कोष आणि प्रौढ या अवस्था पार करायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. शिवाय खायला पुरेसा मावा असल्याशिवाय मादी त्या शेतात अंडीच घालत नाही. म्हणजे विषाने दोघेही मेले तरी पहिल्याची भरपाई लगेच होते आणि दुसऱ्याची पहिला माजल्यावरच सुरू होते. जो रोपावर जगतो तो आधी येणार आणि जो त्याच्यावर जगतो तो मागून येणार, हा क्रम कोणत्याही कंपनीच्या औषधाने बदलत नाही.

ही गोष्ट केवळ चवळीच्या दोन सऱ्यांची नाही. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक जितके फवारे मारावेत तितका वाढत गेला, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि ढेकूण आधी मरत होते. अखेर १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी भातासाठीची ५७ कीटकनाशके एका आदेशाने बंद केली. आपल्याकडे राधानगरी, आजरा, चंदगडच्या भातखाचरांत पावसाळ्यात पहाटे जी दवाने भरलेली कोळ्यांची जाळी दिसतात, त्यांच्याकडे या दृष्टीने एकदा पाहावे.

ऊसपट्ट्याने तर हा धडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. २००२ च्या पावसाळ्यात लोकरी मावा आधी सांगली जिल्ह्यात दिसला आणि पाहता पाहता आपल्याकडे आला. पानाच्या खालच्या अंगाला पांढऱ्या लोकरीचा थर, खालच्या पानांवर टपकलेला गोड चिकटा, त्यावर चढलेली काळी बुरशी, आणि रानातून बाहेर पडताना अंगावर बसलेला पांढरा भुरका हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. आठ-दहा महिन्यांच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणार कसे आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचविणार कसे, हा प्रश्न होता. तो सोडविला कोनोबाथ्रा या मावा खाणाऱ्या अळीने. (शास्त्रज्ञांनी या जातीचे नाव पुढे डिफा असे बदलले, परंतु आमच्या गावात ती आजही कोनोबाथ्राच आहे.) ज्याच्या शेतात ही अळी दिसे, त्याच्या उसाची पाने तोडून लोक आपल्या शेतात नेऊन अडकवीत. तिच्या जोडीला मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा कीटक होता आणि नंतर ईशान्य भारतातून आणलेली एन्कार्शिया ही सूक्ष्म परोपजीवी माशी आली. ईशान्येकडे हा मावा पूर्वीपासून होता आणि त्याचे शत्रूही त्याच्याबरोबर तिथे होते. इकडे येताना तो एकटा आला, म्हणून माजला. त्याचे जुने सोबती मागून येऊन पोचल्यावर तो आवाक्यात आला.

इथे थोडे विषयांतर करतो. कोनोबाथ्रा ही पतंगाची अळी आहे. पतंग आणि फुलपाखरांच्या दीड लाखांहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांच्या जवळजवळ साऱ्या अळ्या वनस्पती खातात. मांस खाणाऱ्या एक टक्काही नाहीत. या शाकाहारी घराण्यात एक शाखा मांसाहारी झाली आणि तिने आपला ऊस राखला, याचे मला आजही नवल वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वनस्पती, त्या खाणारे कीटक आणि त्या कीटकांना खाणारे यांचे नाते कोट्यवधी वर्षांच्या देवघेवीतून घडलेले आहे. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ मध्ये फुलपाखरे आणि त्यांच्या खाद्यवनस्पती यांचा मेळ घालून असे मांडले की, वनस्पती नवे विष घडविते, त्या विषातून तगून जाणारा कीटक त्या वनस्पतीपुरता खास होतो, आणि अशा फेऱ्यांतून दोन्हीकडे नव्या जाती निर्माण होतात. याचे उदाहरण पाहायला दाजीपूरच्या जंगलात जावे लागत नाही. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई पुरेशी आहे. रुईच्या चिकात हृदयावर आघात करणारी द्रव्ये असतात. प्राण्यांच्या पेशीतून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारे जे प्रथिन आहे, त्याला ती अडकवून ठेवतात. म्हणून गुरे रुईला तोंड लावत नाहीत. तरीही बिबळ्या कडवा या केशरी फुलपाखराची अळी तिच्यावरच वाढते. ती आधी पानाची शीर कुरतडून चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचे पान निवांत खाते. या द्रव्यांवर जगणाऱ्या कीटकांत ते प्रथिनच किंचित बदललेले असते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की फुलपाखरे, भुंगेरे, ढेकणांच्या वर्गातील कीटक आणि माश्या अशा एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या कुळांत हा बदल स्वतंत्रपणे घडला, आणि तो बहुधा प्रथिनाच्या त्याच एक-दोन ठिकाणी घडला. निसर्गाला सुटकेच्या वाटा मोजक्याच सापडल्या आणि ज्याने त्याने त्याच धरल्या.

पुढची गंमत अशी की कडव्याचे रूप घेऊन फिरणारे दुसरे फुलपाखरू आहे. छोटा चांदवा या जातीची मादी हुबेहूब त्याच्यासारखी दिसते आणि पक्षी तिलाही कडू समजून सोडून देतात. तिची अळी मात्र आपण भाजी करतो त्या घोळावर वाढलेली असते. परंतु कडव्याचे विष आणि चांदव्याचे सोंग पक्ष्यांपुरतेच आहे. अळीच्या अंगावर अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्यांना ते थांबवीत नाही, कारण त्या माश्याही याच देवघेवीत घडल्या आहेत.

वनस्पती या भांडणात मुकी नसते, हे तर गेल्या चाळीसेक वर्षांतच नीट कळले. टेड टर्लिंग्ज, जेम्स टमलिन्सन आणि जो लुईस यांनी १९९० मध्ये मक्याच्या रोपांवर केलेला प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगत असे. पान ब्लेडने कापले तर रोप विशेष काही करीत नाही. तेच पान अळीने खाल्ले, किंवा कापलेल्या जागी अळीची लाळ लावली, तर काही तासांत रोप एक विशिष्ट गंध सोडू लागते. हा गंध हुंगत एक लहानशी परोपजीवी गांधीलमाशी येते आणि अळीच्या शरीरात अंडी घालते. लाळेतील ज्या द्रव्यामुळे हे घडते ते १९९७ मध्ये वेगळे काढण्यात आले आणि त्याला व्होलिसिटिन असे नाव मिळाले. रोप हाक मारते, असे आपण सोयीने म्हणतो; रोपाला हेतू नसतो, हे मात्र लक्षात ठेवावे. जखम झाल्यावर सुटणारा गंध ज्या माशीला भक्ष्याकडे नेतो, तिची पिलावळ वाढते, आणि ज्या रोपाचा गंध अशा माशीला लवकर पोचतो, ते रोप बीज धरते. दोन्हीकडचा हिशेब जुळत गेला, इतकेच.

हुमणीने (मुळे कुरतडणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने) त्रस्त झालेल्या ऊस उत्पादकांनी यापुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा, अशी विनंती आहे. २००५ मध्ये सर्जिओ रासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की मक्याची मुळे किडीने कुरतडली की तीही मातीत एक गंध सोडतात, आणि त्या गंधाच्या वाटेने सूक्ष्म सूत्रकृमी येऊन मुळाशी बसलेल्या अळीत शिरतात व तिला मारतात. युरोपातील वाणांत आणि मक्याच्या रानटी पूर्वजात हा गुण होता; उत्तर अमेरिकेतील बहुतेक वाणांतून तो निघून गेला होता. कोणी तो मुद्दाम काढला नव्हता. वाण निवडताना कणीस आणि उत्पादन पाहिले गेले, मुळांचा गंध कोणी पाहिला नाही, म्हणून तो गळून पडला. २००९ मध्ये दुसऱ्या वनस्पतीतील जनुक घालून तो परत आणला, तेव्हा मुळांचे नुकसान कमी झाले. आपणही उसाच्या ८६०३२ आणि २६५ या वाणांत टनेज, उतारा आणि खोडवा किती येतो हेच पाहतो.

हुमणीच्या बाबतीत एक सूचना अलीकडे पारावर वारंवार ऐकू येते. भुंगेरे कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर बसतात, तेव्हा बांधावरची ही झाडेच तोडावीत, असे काही जण म्हणतात. वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघून या झाडांवर पाला खायला आणि जोडीदार शोधायला येतात, हे खरे आहे. परंतु म्हणूनच ती झाडे आपल्या कामाची आहेत. वर्षभर जमिनीखाली लपलेली कीड वर्षातून मोजके दिवस एका ठराविक झाडावर, ठराविक वेळी, आपणहून गोळा होते. त्या दिवसांत फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर प्रत्येक मादीबरोबर तिची पुढची अंडीही जातात. झाड तोडले की भुंगेरे मरत नाहीत, ते पुढच्या बांधावर जातात आणि आपल्याला दिसेनासे होतात. हे काम एकट्याने करून भागत नाही, साऱ्या शिवाराने एकाच संध्याकाळी करावे लागते. माळावर म्हाईच्या जत्रेची वर्गणी जितक्या उत्साहाने जमते, त्याच्या निम्म्याने जरी माणसे या कामासाठी जमली तरी पुष्कळ होईल.

बांधाविषयी आणखी थोडे लिहायचे आहे. किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बहुतेक गांधीलमाश्या प्रौढपणी फुलांतील मधावर जगतात. ज्या बांधावर तणनाशक मारून एकही फूल ठेवले नाही आणि ज्या रानात तोडणीनंतर पाचट पेटवून दिले, तिथे कारखान्याकडून आणलेली ट्रायकोकार्डे (ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची पिलावळ चिकटवलेली कार्डे) लावून अपेक्षा कशी ठेवावी? ट्रायकोग्रामा हा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा कीटक खोडकिडीच्या अंड्यातच आपले अंडे घालतो, म्हणजे अळी जन्मण्याआधीच संपते. परंतु कार्ड लावल्यानंतर आठवड्याच्या आत त्याच सरीवर फवारा मारणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यात दोष त्यांचा कमी आणि दोन्ही सल्ले वेगवेगळ्या कागदांवर छापण्याचा अधिक आहे. केनियात मक्याच्या कडेला नेपियर गवत लावतात. खोडकिडीचे पतंग त्यावर अंडी घालायला ओढले जातात, आणि त्यांच्या अळ्या खोडात शिरू लागल्या की गवतातून निघणाऱ्या चिकट रसात अडकून बऱ्याचशा मरतात. मक्याच्या ओळींत लावलेली डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती पतंगांना दूर ठेवते. आपल्याकडे म्हशींसाठी तेच नेपियर बांधोबांधी आहे. त्याचा हा दुसरा उपयोग आपल्या सल्ल्यात कधी वाचल्याचे मला आठवत नाही.

औषधे नकोतच, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. दहा-वीस गुंठ्यांवर घर चालविणाऱ्याला ‘थांब, ढालकिडे येतील’ असे सांगणे सोपे असते, सांगणाऱ्याचे काही जात नाही. मित्रकीटक किडीच्या मागून येतात, तेव्हा थोडे नुकसान होणारच. मेटारायझियम बुरशी हुमणीवर चालते, पण मातीत ओल असेल तेव्हाच. बाहेरून आणलेला प्रत्येक मित्र उपयोगी ठरतो असेही नाही. घाणेरीसाठी १९४१ मध्ये भारतात आणलेला ढेकूण आजही आहे आणि घाणेरीही आहे. उलट गाजर गवतावर १९८३-८४ च्या सुमारास मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगेरा पावसाळ्यात आपल्या रस्त्याकडेला गवत फस्त करताना दिसतो. कोणता कीटक कशावर जगतो आणि किती काटेकोरपणे, हे जाणून घेतल्याशिवाय यातले काहीच ठरविता येत नाही, आणि ते जाणून घ्यायला प्रयोगशाळेइतकीच शेतात बसून पाहण्याची सवय लागते.

मात्र एकाच विषावर वर्षानुवर्षे विसंबण्याची किंमत काय असते, हे कापूसवाल्यांना विचारावे. बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी दिली जात असे, ती कडेने पेरावी, म्हणजे साध्या झाडांवर वाढलेल्या, विषाची सवय न झालेल्या पतंगांशी उरलेल्या पतंगांचा संकर होत राहावा आणि प्रतिकारशक्ती पसरू नये, हा त्यामागचा विचार होता. ती पुडी बहुतेकांनी फेकून दिली, कारण ती कशासाठी आहे हे कोणी समजावून सांगितले नव्हते. पुडीवरच्या चार ओळी म्हणजे समजावणे नव्हे. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केले, ते आपल्याच दैनिकात छापून आले होते. रुईच्या विषातून वाट काढायला कीटकांना जितका काळ लागला असेल, त्याच्या मानाने पंधरा वर्षे म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. आपल्या पीक सल्ल्यात किडीच्या नावाखाली आणि औषधाच्या मात्रेच्या आधी एक तिसरी ओळ छापावी : या किडीला खाणारे कोण, ते दिसते कसे, आणि ते पानावर दिसत असतील तर फवारणी किती दिवस थांबवावी. जमल्यास शेजारी छायाचित्र द्यावे, आणि ते प्रौढ कीटकाचे न देता अळीचे द्यावे, कारण लाल ठिपकेदार ढालकिडा शाळकरी मुलेही ओळखतात, परंतु त्याची अळी ओळखणारा गावात एखादाच सापडतो. चवळीवरील त्या अळ्यांची पुतण्याने काढलेली छायाचित्रे त्याच्या मोबाईलमध्ये अजून आहेत. हवी असल्यास पाठवून देईन.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर